मंडळी, पायरी सांभाळा

१२ जुलै २००३, शनिवार

आले एकदाची. नवी वही, नवं पेन, खिडकीतून समुद्र, आणि खोलीभर कोम्बुचा वास. किनाऱ्यावर जिथे पाहावं तिथे या समुद्री पाल्याच्या लांबच लांब पट्ट्या वाळत घातलेल्या. माझ्या भावाच्या, नोरीच्या अंगालाही आता हाच वास येतो. हॉस्पिटलच्या फिनाईलपेक्षा कितीतरी बरा.

मार्चमध्ये निवृत्त झाले. चाळीस वर्षं सहलीच्या बसमध्ये मायक्रोफोन धरून उभी राहिलेली बाई घरात नुसती बसेल का? ओबिहिरोच्या घरात मी नोरीसाठी खोली तयार केली आहे. नवी गादी, नवे पडदे, पूर्वेची खिडकी. गावातला उत्सव सप्टेंबरच्या सात तारखेला. तो झाला की त्याच संध्याकाळी पाचच्या बसने नोरीला घेऊन घरी. तिकिटंसुद्धा काढून पर्समध्ये ठेवली आहेत. तोपर्यंत मी इथेच, एका खानावळीच्या माडीवर.

नोरीला सांगितलं तर म्हणाला, "हं." लहानपणापासून त्याचं हो म्हणजे हंच असतं.

तो राहतो ते कोम्बुघर. जुनी कोम्बुची वखार, आता तिथे मनोरुग्णांच्या हॉस्पिटलातून सुटलेली माणसं एकत्र राहतात आणि काम करतात. व्यवस्था बघते ओनोदेरा नावाची बाई, माझ्या निम्म्या वयाची, बोलायला गोड पण हलवायला कठीण. तिने मला आल्या आल्या काम दिलं. उत्सवात शब्दांचं प्रदर्शन आहे. मोठ्या कार्डावर डावीकडे डॉक्टरांचा शब्द, उजवीकडे इथल्या माणसाने आपल्या त्रासाला स्वतः ठेवलेलं नाव. माझं अक्षर चांगलं, म्हणून कार्डं मी लिहायची. आणि उत्सवाचं मुख्य आकर्षण म्हणजे गावच्या सभागृहात वर्षातल्या सर्वोत्तम भासाला बक्षीस. चक्क टाळ्या वाजवून.

आमच्या घरी वडील मरेपर्यंत 'नोरीची तब्येत' एवढंच म्हणत. आजाराचं नाव काढायची चोरी होती. गेल्या साली डॉक्टर मंडळींनी नावच बदललं. पूर्वी 'मन फुटण्याचा आजार' होता, आता 'मेळ बिघडण्याचा'. वडील असते तर त्यांना हेही उच्चारता आलं नसतं. आणि इथे लोक बक्षीस घेताहेत. मला तर फार आवडलं बाई हे गाव.

१५ जुलै, मंगळवार

आज पहिली बैठक. हसून हसून पोट दुखलं.

फुजिमोरीकाका आधी मासेमार होते. त्यांना कोम्बु संघाचा चेअरमन डोक्यात हुकूम सोडतो, आत्ताच्या आत्ता होडी काढ म्हणून. डॉक्टरांच्या फायलीत 'आज्ञा देणारे भास'. काकांचं नाव 'बिनतारी चेअरमन'. काका म्हणाले, "पूर्वी मी त्याच्याशी भांडायचो. आता म्हणतो, साहेब, जेवण चाललंय, दुपारी या. येतोच दुपारी, पण नरमाईने येतो."

कुदोबाई शिवणकाम करते. तिला वाटतं आपले विचार बाहेर पडतात आणि सगळ्यांना ऐकू जातात. डॉक्टरांचं 'विचार-प्रसारण'. तिचं 'गळकं डोकं'. म्हणून भर उन्हाळ्यात कानापर्यंत लोकरीची टोपी. मी म्हटलं, याला 'उघडी खिडकी' म्हणू या की, ऐकायला छान वाटतं. ओनोदेरा हसत म्हणाली, "इत्सुएताई, तुम्ही कार्डं लिहा. नावं ज्याची त्याला ठेवू दे."

फुजिमोरीकाका म्हणाले, "यांना पण एक कार्ड द्या. 'बटण नसलेला मायक्रोफोन'." सगळे हसले. मीही हसले. चाळीस वर्षं मला याचाच पगार मिळाला, म्हटलं.

नोरीचं कार्ड मात्र डावीकडेच भरलेलं. 'स्तब्धता. तासन्‌तास ताठ बसून राहणे.' उजवी बाजू कोरी. कोरी जागा मला बघवत नाही. उत्सवापर्यंत मी त्याला नाव शोधून देणारच.

२३ जुलै, बुधवार

लागला शोध.

दुपारी जवाचा थंड चहा घेत बसलो होतो. मी नोरीच्या मागे लागले होते, अरे सांग ना, तुला काय ऐकू येतं. तो खुर्चीत बसलेला, मांडीवर बॅग, दोन्ही हातांनी धरलेली. बूट पायात. एवढ्या उकाड्यात बूट काढ म्हटलं तर नाही म्हणतो. शेवटी म्हणाला, "एक बाई आहे. दिवसभर बोलते. सभ्य आहे."

"काय बोलते?"

"पायरी सांभाळा म्हणते."

मला लख्ख दिसलं. आई! आमच्या घराचा उंबरा उंच, जाता येता आई ओरडायची, पायरी बघ रे, पायरी बघ. मी टाळीच वाजवली. म्हटलं, नोरी, अरे ती आई आहे. तीस वर्षं हॉस्पिटलात आई तुझ्यासोबत होती. माझे डोळे भरून आले. नोरी माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हो का."

कुदोबाईला तेवढ्यात चहाचा ठसका लागला. टोपी खाली ओढून ती बाहेर पळाली. ती पण हळवी आहे.

मी लगेच कार्डावर 'आईची माया' लिहायला घेतलं. ओनोदेराने कार्ड अलगद काढून घेतलं. म्हणाली, घाई नको. का नको, ते सांगेना.

३० जुलै, बुधवार

ऊन चांगलं होतं, म्हणून कोम्बु उलटायला सगळे पहाटेपासून किनाऱ्यावर. मी लांबून पाहिलं, नोरी खुशाल वाकून पट्ट्या उलटत होता, फुजिमोरीकाकांशी काहीतरी बोलत होता, हसतही होता. मी हाक मारली, "अरे वा, छान चाललंय की! डावीकडची राहिली बघा, आणि तिकडे दगडावर निसरडं आहे, सांभाळून." तर तो जाऊन दगडावर बसला. मांडीवर हात, मान ताठ. मी निघेपर्यंत उठला नाही.

मी आले की दमल्यासारखा बसतोच तो. ताई आली, आता आराम, असं वाटत असेल. घरी आल्यावर मी त्याला काडी उचलू देणार नाही.

एक गंमत लिहायची राहिली. बसल्यावर तो मधूनच एका बाजूला कलतो, मग दुसऱ्या. डॉक्टरांच्या शब्दांत याला काय म्हणतात ते ओनोदेराला विचारायला हवं.

६ ऑगस्ट, बुधवार

आज जे पाहिलं ते मी पाहिलंच नाही असं ठरवलं आहे.

कुदोबाईच्या मशीनवर लाल कापड होतं. झगझगीत लाल. मी खोलीत शिरले तशी तिने त्यावर बैठकच मारली. म्हणाली, "जवळ येऊ नका इत्सुएबाई, माझ्या डोक्यात एक गोष्ट आहे आणि आज डोकं फार गळतंय." आणि टोपीवर दुसरी टोपी घातली.

माझा वाढदिवस सात सप्टेंबरला. साठावा. साठी झाली की माणसाला लाल बंडी आणि लाल टोपी घालतात, हे काय मला माहीत नाही? कुणी सांगितलं यांना तारीख? नोरीनेच. त्याला माझा वाढदिवस लक्षात आहे! उत्सवाच्या दिवशी सगळ्या गावासमोर मला लाल बंडी घालणार ही मंडळी. मला काही म्हणजे काही कळलेलं नाही असंच मी वागणार. पण केस रंगवून घ्यायला हवेत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

पितरांच्या दिवसांसाठी नोरीला दोन दिवस घरी नेलं होतं. थोडी रंगीत तालीमही होईल म्हटलं.

बसमध्ये तो अगदी शहाण्यासारखा बसला. मी त्याला सगळा रस्ता दाखवत होते, ही नदी, हा घोड्यांचा मळा, हा घाट. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरले, हा उठेना. ड्रायव्हर वैतागला. मी म्हटलं, नोरी, चल ना. तर म्हणे, "अजून सांगितलं नाही."

"कुणी?"

"बाईंनी."

शेवटी ड्रायव्हरने आणि मी काखेत हात घालून उतरवला. पितरांच्या दिवसांत आईचा आवाज जवळ येणारच, मला नवल वाटलं नाही. पण घरी तो नव्या गादीवर झोपला नाही. पूर्वेच्या खिडकीशी खुर्ची घेऊन बसला, बूट घालून, बॅग घेऊन. खिचडीचा भात केला, खारवलेला सामन मासा भाजला, त्याने दोनच घास खाल्ले. मी त्याला खूप गोष्टी सांगितल्या, घर शांत वाटू नये म्हणून.

आज परत आणून सोडला. कोम्बुघराच्या अंगणात पाय ठेवल्याबरोबर त्याने बूट काढले आणि आत जाऊन आडवा झाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मनाला समजावलं, नवी जागा आहे, सवय लागेल.

२४ ऑगस्ट, रविवार

तालमीला मला बंदी. दारावर फुजिमोरीकाका छातीवर हात बांधून उभे. "चेअरमनचा हुकूम आहे," म्हणे. मी फणकाऱ्याने निघाले, पण मनात उकळ्या फुटत होत्या. लाल बंडीची तालीम असणार.

आणि माझा अंदाज खरा, कारण संध्याकाळी ओनोदेरा भोपळ्याची भाजी घेऊन माझ्या खोलीवर आली आणि माझ्या नोकरीबद्दल विचारू लागली. सत्काराच्या भाषणासाठी माहिती, दुसरं काय. मीही मागेपुढे पाहिलं नाही.

"पहिल्या वर्षी पाठांतर कुठे करायचात?"

घरी, स्वयंपाकघरात, म्हटलं. हातात मायक्रोफोन म्हणून पळी. रोज संध्याकाळी जेवण होईपर्यंत. ओबिहिरो ते आकानचं तळं, तोंडपाठ व्हावं म्हणून घोकून घोकून आईला वेड आणलं होतं.

"आणि नोरीसान?"

"पलीकडच्या खोलीत अभ्यास करायचा. मधे कागदाचं दार, सगळं ऐकू जायचं. पुढच्या वर्षीच आजारी पडला बिचारा."

"परतीच्या रस्त्याचंही पाठ करायचात?"

मला हसू आलं. म्हटलं, परतीला कोण ऐकतंय? प्रवासी झोपतात नाहीतर गाणी म्हणतात. नवख्या गाईडला फक्त जातानाचं येणं सक्तीचं. पोचल्यावर माइक वरिष्ठ बाई घ्यायच्या, उतरा म्हणायचं त्यांनी. मी घरी फक्त चालत्या गाडीचंच घोकलं.

ओनोदेरा तशीच उठून निघाली. भाजीचा डबासुद्धा विसरून गेली. माझं आयुष्य ऐकून माणसं भारावतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

६ सप्टेंबर, शनिवार

केस रंगवले. आभाराचं छोटं भाषण बसवलं. त्यात आश्चर्य वाटल्याचं दाखवायचं आहे, आरशासमोर ते दोनदा करून पाहिलं. नोरीची बॅग भरायला गेले तर भरलेलीच. ती कायमच भरलेली असते.

त्याचं कार्ड अजून कोरं आहे. "उद्या," म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून, "ताई, तू रागावशील." मी म्हटलं, वेड्या, आनंदाने का कुणी रागावतं? उद्या साठीची होणार मी. पाचच्या बसला आम्ही दोघं.

७ सप्टेंबर, रविवार

पाचची बस गेली. खोलीवर परत येऊन लिहितेय. जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर सुचणार नाही.

सभागृह गच्च भरलेलं. बाहेर भाजलेल्या स्क्विडचा धूर. आमची कार्डं भिंतीवर, लोक वाचून हसत होते आणि मग गप्प होत होते. फुजिमोरीकाकांनी चेअरमनशी फोनवर बोलल्याचा प्रयोग केला. खरा चेअरमन पहिल्या रांगेत बसलेला, तो हसून हसून खुर्चीवरून घसरला.

मग नोरी. रंगमंचावर खुर्च्या दोन-दोनच्या रांगेत लावलेल्या. तो दुसऱ्या रांगेत खिडकीकडे बसला, बॅग मांडीवर. आणि कुदोबाई आली. लाल कोट, लाल गोल टोपी, पांढरे हातमोजे. बंडी नव्हतीच ती. आमच्या बस कंपनीतल्या गाईडचा जुना गणवेश होता, हुबेहूब. हातात पळी.

"मंडळी, शुभ सकाळ. गाडी सुरू झाली आहे, कृपया जागेवरून उठू नये. पायरी सांभाळा, पुढे वळण आहे." नोरी वळणावर कलला. लोक हसले. "आता आपण आकानच्या जंगलात शिरतोय. अस्वल दिसलं तर हात दाखवू नका मंडळी, तिकीट नसताना चढतं."

अस्वलाचा तो विनोद माझा आहे. स्वयंपाकघरात मीच रचला होता. पहिल्याच फेरीत वरिष्ठ बाईंनी तो बंद करायला लावला, म्हणून कुठल्याही बसमध्ये मी तो पुन्हा केला नाही. तो रोज ऐकून पाठ झालेला आता जगात एकच माणूस असू शकतो, कागदाच्या दारापलीकडचा.

मला आधी राग आला. मग लाज वाटली. मग अंगातली सगळी हवा गेली आणि मी नुसती बघत राहिले.

नोरीने माइक घेतला. इतकं सलग तो बोललेला मी आजवर ऐकलेलं नाही. म्हणाला, "माझ्या आजाराचं नाव 'न थांबणारी सहल'. ही बाई वाईट नाही. हॉस्पिटलात सकाळी कुणी कुणाशी बोलायचं नाही. ही मात्र रोज शुभ सकाळ म्हणायची. मी त्यावर जगलो. पण ही थांबत नाही. गाडी चालू असताना उठू नये, म्हणून मी बसून राहिलो. डॉक्टरांनी लिहिलं स्तब्धता. मी स्तब्ध नव्हतो. मी प्रवासात होतो."

फुजिमोरीकाका नाक पुसत होते.

"थांब्यावर काय म्हणतात ते मी कधी ऐकलं नाही," तो म्हणाला. "ताईला माहीत आहे."

कुदोबाईने टोपी काढली आणि रंगमंचाच्या कडेला येऊन माझ्यासमोर धरली. तिच्या डोक्यावर आज लोकरीची टोपी नव्हती. हळूच म्हणाली, "बंडी नाही जमली इत्सुएबाई. पण साठीला लाल तर आहे."

म्हणजे तारीख माहीत होती त्यांना.

मी वर गेले. टोपी घातली. पळी हातात धरली आणि आवाज फुटेना. मी, जिचा आवाज घाटात बर्फात गाडी अडकली तेव्हाही गेला नाही. नोरी वाट बघत होता, मान ताठ. मग आला आवाज.

"मंडळी, आपण पोचलो. इतका लांबचा प्रवास आपण शांतपणे केलात, आपले आभार. आपापलं सामान तपासा आणि पायरी सांभाळून उतरा. इथून पुढे मोकळा वेळ."

नोरीने हात वर केला, प्रवासी करतात तसा. "बाई, परत किती वाजता यायचं?"

वेळ सांगितल्याशिवाय गाईड कुणालाही गाडीतून उतरू देत नाही. 'पाच वाजता' हे शब्द तोंडात तयार होते. पर्समध्ये तिकिटं होती. पूर्वेची खिडकी, नवी गादी, सगळं डोळ्यासमोर होतं. मी त्याच्या बुटांकडे पाहिलं.

"वेळ ठरवलेली नाही," मी म्हणाले. "तुमचं पाहून झालं की या."

तो उठला. बॅग खुर्चीवरच ठेवून रंगमंचाच्या पायऱ्या उतरला आणि सरळ बाहेर, स्क्विडच्या धुराकडे गेला. 'सामान राहिलं' असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी पळी कुदोबाईच्या हातात दिली.

पहिलं बक्षीस नोरीला. कोम्बुचा एवढा मोठा गठ्ठा. तो घ्यायला तो आलाच नाही, मोकळ्या वेळात होता.

८ सप्टेंबर, सोमवार

गाडीतच लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. डोक्यावर लाल टोपी आहे आणि लोक बघताहेत. बघू देत, साठ वर्षांची बाई आहे मी. उजवीकडे समुद्र आहे, घोड्यांचा मळा येईल आता, आणि मी अजून कुणालाही काही दाखवलेलं नाही.

सकाळी नोरी थांब्यावर आला. हाताला ओल्या कोम्बुचा चिकट वास, पायात चपला. कार्ड घेऊन आला होता, उजवी बाजू त्यानेच भरलेली. अक्षर भयंकर आहे. मी काही बोलले नाही.

"आवाज आहे का रे अजून?" मी विचारलं.

"आहे. काल रात्री मोकळा वेळ म्हणाली. दोनदा." मग म्हणाला, "नव्या वर्षाला येतो. पडदे असू देत."

मी नुसती मान हलवली. बोलले असते तर संपलंच नसतं.

ड्रायव्हरने कालची तिकिटं पाहून चालवून घेतली. म्हणाला, "बाई, दोन दिसताहेत. दुसरे प्रवासी कुठे?"

"ते इथेच उतरले," मी म्हणाले.

चाळीस वर्षांत मी एकही प्रवासी मागे ठेवून गाडी सोडली नव्हती. दांडा धरला, पाय उचलला, तेवढ्यात मागून नोरी म्हणाला, "ताई, पायरी सांभाळ."

आणि मी पायरीवर अडखळले.